नकार देणाऱ्या कवींचा सम्राट

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या माणसाविषयी आज बोलायचं आहे, त्याची सुरुवातीची कारकीर्द आधी सांगून टाकतो. त्याशिवाय कवींनी त्याचं काय केलं हे कळणार नाही. इ. स. पू. 44 च्या 15 मार्चला ज्युलियस सीझरचा खून झाला, तेव्हा सीझरच्या बहिणीचा हा नातू, ऑक्टेव्हियन, 18 वर्षांचा होता. मृत्युपत्रातून सीझरने त्याला दत्तक घेतलं होतं. पुढच्याच वर्षी त्याने सीझरचे साथी अँटनी आणि लेपिडस यांच्याशी हातमिळवणी केली आणि मारायच्या माणसांच्या याद्या रोमच्या चौकात लागल्या. सुमारे 300 सेनेटर आणि 2000 सरदार, असा आकडा ॲपियन हा इतिहासकार देतो. थोर वक्ता सिसेरो त्याच यादीत होता. 7 डिसेंबरला त्याला गाठून मारलं आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा, तिथेच त्याचं मुंडकं आणि हात लोकांसमोर ठेवले. पुढे इ. स. पू. 41-40 च्या हिवाळ्यात पेरूसिया या इटलीतल्याच शहराला वेढा घालून ऑक्टेव्हियनने ते उपासमारीने टेकीला आणलं.

हाच माणूस इ. स. पू. 27 च्या 16 जानेवारीला 'ऑगस्टस' झाला आणि इ. स. 14 मध्ये 75 वर्षांचा होऊन अंथरुणावर मेला. मेला तेव्हा तो यादवी संपवणारा, देवळं दुरुस्त करणारा, राष्ट्राचा पिता होता. यादी लावणारा पोरगा लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला होता.

हे साधलं कसं? आधी एक गोष्ट मान्य करू. त्याला सत्ता मिळाली ती सैन्याने, टिकली ती इजिप्तच्या धान्याने आणि पैशाने, आणि मुरली ती दीर्घायुष्याने. त्याच्या अखेरच्या काळात प्रजासत्ताक डोळ्यांनी पाहिलेली माणसं रोममध्ये फारशी उरली नव्हती. नाणी होती, पुतळे होते. कवींचा वाटा यानंतरचा. तरी आज दोन हजार वर्षांनी ऑगस्टस म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे उभं राहतं, त्यातलं बरंच व्हर्जिल आणि होरेस यांच्याकडून आलेलं आहे.

रोनाल्ड साइम या इतिहासकाराने 1939 मध्ये 'द रोमन रेव्होल्यूशन' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या दोनच वर्षं आधी मुसोलिनीने ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दीचं मोठं प्रदर्शन रोममध्ये भरवलं होतं. स्वतःला तो नवा ऑगस्टस समजत होता. असल्या हवेत लिहिताना साइमना ऑगस्टसचे कवी हे लोकमत घडवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग वाटले, तर नवल नाही. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. यंत्रणा होती, पण या कवींनी सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलंच नाही. आणि माझं म्हणणं असं की त्यांनी ते तसं केलं नाही, म्हणूनच ती प्रतिमा टिकली.

सुरुवात व्हर्जिलपासून करू. इ. स. पू. 42 मध्ये फिलिपायच्या रणांगणावर सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस संपले. जिंकलेल्या सैनिकांना जमिनी द्यायच्या होत्या. त्यासाठी इटलीतल्या अनेक गावांची शेतं हिसकावून घेतली गेली. त्यात क्रेमोना होतं आणि शेजारी म्हणून मँटुआही भरडलं गेलं. मँटुआ हा व्हर्जिलचा मुलूख. त्याच्या पहिल्या गोपगीतात दोन गुराखी भेटतात. टिटिरस झाडाच्या सावलीत बासरी वाजवत पडला आहे. रोमला जाऊन तो एका तरुणाला भेटून आला, त्या तरुणाने त्याची जमीन राखली, आणि म्हणून तो तरुण त्याच्या लेखी देव आहे. तरुणाचं नाव कवितेत कुठेच येत नाही. वाचणाऱ्याला ते सांगावं लागत नव्हतं. दुसरा गुराखी मेलिबियस. तो कळप हाकत गाव सोडून निघाला आहे. नुकतीच व्यालेली शेळी त्याला ओढत न्यावी लागते, तिची जुळी करडं वाटेत खडकावर टाकून यावी लागली. त्याची नांगरलेली शेतं आता कुणा सैनिकाला मिळणार.

आता बघा. टिटिरसची जमीन राखणारा हात आणि मेलिबियसची जमीन घेणारा हात एकच आहे. नुसती स्तुती करायची असती तर मेलिबियसला कवितेत आणायचं कारणच नव्हतं. शेवटी टिटिरस त्याला रात्रीपुरता आसरा देऊ करतो. मेलिबियस काय उत्तर देतो, हे व्हर्जिल सांगत नाही. लॅटिन कवितेत या राज्यकर्त्याचं पहिलं चित्र आलं ते असं: कृतज्ञता, आणि तिच्या शेजारीच देशोधडीला लागलेला माणूस.

ऑक्टेव्हियनच्या बाजूने कवी गोळा करण्याचं काम मेसिनासने केलं. एट्रुरियातल्या जुन्या घराण्यातला, गडगंज, पण सेनेटर होण्याच्या भानगडीत कधी न पडलेला हा माणूस. त्याने होरेसला सबाइन टेकड्यांत एक मळा दिला. होरेस एका मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, आणि फिलिपायच्या लढाईत तो चक्क ब्रूटसच्या बाजूने लढलेला. ही गोष्ट त्याने लपवली नाही. ढाल टाकून पळालो, हे कवितेत लिहून ठेवलं. विचार करा, राज्यकर्त्याच्या आवडत्या कवीचा जुना पक्ष सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो सुखाने मळ्यात राहतो आहे. क्षमाशीलतेची याहून मोठी जाहिरात कोणती? त्यासाठी होरेसला वेगळी ओळ लिहावी लागली नाही.

मेसिनासला हवं होतं ते वीरकाव्य: सीझरच्या लढाया, सीझरचे विजय. आणि इथे एक मजेदार प्रकार सुरू होतो. हे सगळे कवी, एकामागून एक, नाही म्हणतात. नकाराची ही रीत त्यांना अलेक्झांड्रियाच्या कॅलिमाकसकडून मिळाली होती. त्याला अपोलो देवाने बजावलं होतं, की देवाला वाहायचं जनावर पुष्ट असावं, कविता मात्र सडपातळ. मग होरेस सेनापती अग्रिपाला सांगतो, तुमचा पराक्रम माझ्या आवाक्याबाहेरचा, मी मेजवान्यांवर लिहिणारा. प्रॉपर्शियस मेसिनासला सांगतो, माझा आवाज लहान, मी प्रेयसीवर लिहीन.

प्रॉपर्शियसच्या त्या नकारावर जरा थांबू, कारण तो फार चलाख आहे. तो म्हणतो, मला वीरकाव्य लिहिता आलं असतं, तर मी जुन्या पुराणकथा घेतल्या नसत्या, तुमच्या सीझरच्याच लढाया गायल्या असत्या. आणि मग त्या लढाया मोजतो. मुटिना. फिलिपाय. सिसिलीजवळचं आरमारी युद्ध. आणि एट्रुस्कन लोकांच्या उलथून टाकलेल्या चुली, म्हणजे पेरूसिया. इजिप्तचा क्रम यानंतर लागतो. विसरल्या जाव्यात असं ज्यांच्याबद्दल सत्तेला वाटत होतं, त्या भाऊबंदकीच्या लढायाच याने नकाराच्या निमित्ताने वाचून दाखवल्या. त्याचा स्वतःचा एक नातलग पेरूसियाच्या प्रकरणात मेला होता, हे त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे आलेलं आहे. मेसिनासला हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही. तरी पुस्तक निघालं आणि प्रॉपर्शियसच्या केसालाही धक्का लागला नाही.

ऑगस्टसला स्तुती नको होती असं नाही. त्याला स्वस्त स्तुती नको होती. सुएटोनियस लिहितो, की आपल्यावर थोर लेखकांनी गंभीरपणे लिहावं एवढीच त्याची परवानगी असे. काव्यस्पर्धांत आपलं नाव गुळगुळीत होऊ देऊ नका, अशी ताकीद त्याने अधिकाऱ्यांना दिली होती. होरेसला त्याने आपला पत्रलेखक व्हायला बोलावलं. होरेस आला नाही, आणि ऑगस्टस रागावला नाही. पुढे होरेसच्या पद्यपत्रांत आपल्या नावाचं एकही पत्र नाही, हे पाहून मात्र त्याने तक्रार केली: माझे मित्र होतात असं दिसलं तर पुढच्या पिढ्या नावं ठेवतील, अशी भीती वाटते की काय? जगाचा मालक कवीकडे लाडिक तक्रार करतो आहे. होरेसने मग पत्र लिहिलं. त्यात अलेक्झांडरची गोष्ट आहे. एवढा मोठा राजा, पण कोरिलस नावाच्या सामान्य कवीला त्याने सोन्याची नाणी मोजली. तुमची पारख तशी नाही, तुम्ही व्हर्जिल आणि व्हेरियस निवडलेत, असं होरेस म्हणतो. यातल्या व्हेरियसने ऑगस्टसवर सरळसरळ प्रशस्तिकाव्य लिहिलं होतं, असं जुने टीकाकार सांगतात. ते हरवलं. काळाच्या पडझडीत काय उरावं याला नियम नसतो, पण हा योग नोंदवण्याजोगा खरा.

इ. स. पू. 31 च्या 2 सप्टेंबरला अ‍ॅक्टियमला अँटनी आणि क्लिओपात्रा हरले, पुढच्या वर्षी अलेक्झांड्रियात दोघांनी जीव दिला. युद्ध होतं रोमन विरुद्ध रोमन. होरेसच्या प्रसिद्ध ओडमध्ये अँटनी औषधालाही नाही. आहे ती एक झिंगलेली राणी, रोमच्या विनाशाची स्वप्नं पाहणारी. यादवीचं परकीय युद्ध करून टाकण्याचं काम या कवितेने चोख बजावलं. पण शेवटच्या कडव्यांत तिचा रोख फिरतो. राणी शांत चेहऱ्याने पडका राजवाडा पाहते, साप हातात घेते, आणि विजयी मिरवणुकीत मिरवली जायला नकार देते. आनंदाने प्यायला बोलावून सुरू झालेली कविता शत्रूच्या मोठेपणावर संपते. इ. स. पू. 29 च्या प्रत्यक्ष मिरवणुकीत तिची प्रतिमा रोमच्या रस्त्यांतून नेली गेली. प्रतिमा जिथे थांबली तिथून पुढे होरेस गेला.

आता 'ईनिड'. जाळून खाक झालेल्या ट्रॉयमधून बापाला खांद्यावर घेऊन निघालेला ईनियस इटलीत येतो, त्याच्या वंशातून रोम होतं. ज्युलियस सीझरचं घराणं स्वतःला ईनियसचा मुलगा यूलस याचं वंशज म्हणवत असे, म्हणजे पर्यायाने व्हीनस देवीचं. व्हर्जिलने ऑगस्टसवर वीरकाव्य लिहिलं नाही. त्याने हजार वर्षं मागे जाऊन त्याचा पूर्वज रचला. ऑगस्टस त्यात मोजक्या ठिकाणी येतो, भविष्य म्हणून: ज्युपिटरच्या वचनात, पाताळात, आणि आठव्या सर्गातल्या ढालीवर, जिथे तो अ‍ॅक्टियमच्या समुद्रात उंच जहाजाच्या मागच्या टोकावर उभा आहे. कर्तृत्वाच्या जागी व्हर्जिलने नियती ठेवली, आणि नियतीशी वाद कोण घालणार?

ऑगस्टस हे काव्य मिळवायला किती उतावीळ होता! स्पेनच्या मोहिमेवरून तो व्हर्जिलला पत्रं लिहायचा: कच्चा आराखडा पाठव, एखादा तुकडा तरी पाठव. अखेर व्हर्जिलने तीन सर्ग वाचून दाखवले. सहाव्यात पाताळात ईनियसचा बाप अँकायसीस आपल्या मुलाला रोमच्या भावी थोरांची रांग दाखवतो. त्या रांगेच्या शेवटी मार्सेलस आहे, ऑगस्टसचा भाचा आणि जावई, इ. स. पू. 23 मध्ये 20 वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वारलेला. त्याचं नाव आलं तेव्हा त्याची आई ऑक्टेव्हिया बेशुद्ध पडली, अशी हकीकत आहे. विजयाच्या मिरवणुकीसारखी सुरू झालेली रांग एका अंत्ययात्रेवर संपते. त्याच रांगेत अँकायसीस ज्युलियस सीझरला विनवतो, की शस्त्र आधी तू खाली टाक. म्हणजे ऑगस्टसच्या देव झालेल्या बापाला, त्याच्याच मुलासमोर!

आणि शेवट. पाताळात बापाने शिकवलेलं असतं, शरण आलेल्याला सोड, मस्तवालाला नमव. बाराव्या सर्गात ईनियसचा शत्रू टर्नस जखमी होऊन गुडघ्यावर येतो, हात पसरतो, म्हाताऱ्या बापाची आठवण देतो. ईनियस क्षणभर थांबतो. मग टर्नसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या तरुण मित्राचा पट्टा दिसतो आणि तो संतापाने तलवार खुपसतो. काव्य तिथेच संपतं, टर्नसचा प्राण कुरकुरत पाताळात जाताना. ना विजयोत्सव, ना लग्न, ना नगराची पायाभरणी. कुणी म्हणतात, व्हर्जिल इ. स. पू. 19 मध्ये वारला म्हणून काव्य अपुरं राहिलं. काही ओळी अर्ध्या राहिल्या हे खरं, पण हा शेवट मला अपुरा वाटत नाही. सीझरच्या खुनाचा सूड हेच ज्याच्या राजकारणाचं पहिलं भांडवल होतं, त्याच्या पूर्वजाच्या हाती व्हर्जिलने शेवटी सुडाचीच तलवार दिली. समर्थन की ठपका, हे तो सांगत नाही. मरताना त्याने काव्य जाळून टाकायला सांगितलं होतं. ऑगस्टसने ते जाळू दिलं नाही. हा शेवट त्याने तसाच प्रसिद्ध करवला.

हे काव्य पुस्तकवाल्यांपुरतं राहिलं, असं समजू नका. नाट्यगृहात व्हर्जिलच्या ओळी ऐकून सगळा जमाव उभा राहिला आणि तिथे बसलेल्या कवीला त्याने ऑगस्टससारखा मान दिला, असं टॅसिटस सांगतो. शाळेत पोरं 'ईनिड' घोकू लागली. पाँपेईच्या भिंतींवर तिच्या सुरुवातीचे शब्द वेड्यावाकड्या अक्षरांत खरडलेले सापडले आहेत. तिथे एका घराच्या दर्शनी भिंतीवर ईनियस आणि रोम्युलस रंगवलेले होते, आणि शेजारी कुणीतरी त्या पहिल्या ओळीचं विडंबन करून वीराच्या जागी कपडे धुणारे कारागीर आणि त्यांचं घुबड बसवलं होतं. राजाची पुराणकथा परटाच्या विनोदात उतरली, याहून तिच्या प्रसाराचा मोठा पुरावा मला सुचत नाही.

इ. स. पू. 17 मध्ये ऑगस्टसने शतकोत्सव केला. 3 जूनला 27 मुलगे आणि 27 मुली यांनी पॅलाटाइन टेकडीवर आणि मग कॅपिटोलवर होरेसचं स्तोत्र गायलं. आई-वडील दोघंही हयात असलेलीच मुलं निवडली होती. काव्य म्हणून ते मला बेताचंच वाटतं. नव्या विवाह-कायद्यांना देवांनी यश द्यावं, अशी प्रार्थना पद्यात कितीशी उंच उडणार? पण 1890 मध्ये टायबरच्या काठी त्या उत्सवाचा अधिकृत शिलालेख सापडला, आणि त्यात रचनाकार म्हणून होरेसचं नाव कोरलेलं आहे. सरकारी कामाच्या दगडावर जिवंत कवीचं नाव! गंमत म्हणजे त्या स्तोत्रात ऑगस्टसचं नाव नाही. तो नुसता व्हीनस आणि अँकायसीस यांच्या रक्ताचा वारस आहे. एव्हाना व्हर्जिलची कथा इतकी रुजली होती, की नाव घ्यायची गरज उरली नव्हती.

त्याच स्तोत्रात हिंदी लोकही येतात, नुकते नमून रोमचा शब्द ऐकायला आलेले. हिंदुस्थानच्या राजांकडून दूत येत, हे ऑगस्टसने आपल्या आत्मवृत्तातही अभिमानाने कोरवलं. व्हर्जिलने तर साम्राज्य हिंदी लोकांच्याही पलीकडे नेलं. प्रत्यक्षात रोमचं सैन्य इकडे कधी फिरकलं नाही. आली ती जहाजं. त्या काळी वर्षाला 120 निघत, असं स्ट्रॅबो लिहितो. ती मिरी नेत आणि सोनं-चांदी ठेवून जात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1940 च्या दशकात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच व्यापाराच्या वाटेने आलेली. आपल्याकडच्या मातीत रोमचा एक समुद्रदेव पोचला, आणि तिकडच्या कवितेत आपण मांडलिक झालो.

नकाराला जागा होती असं मी म्हटलं, पण तिला कुंपण होतं. कॉर्नेलियस गॅलस हा प्रेमकवी इजिप्तचा पहिला रोमन प्रशासक झाला. तिथे त्याने स्वतःचेच पुतळे उभारले, स्वतःचे पराक्रम दगडांवर कोरले. मर्जी गेली आणि त्याला आत्महत्या करावी लागली. सम्राटाची प्रतिमा रंगवायला नाही म्हणणं चालत होतं, स्वतःची प्रतिमा शेजारी उभी करणं चालत नव्हतं.

ओव्हिडची गोष्ट आणखी निराळी. तो जन्मला इ. स. पू. 43 मध्ये, सिसेरो मेला त्याच वर्षी. यादवी त्याला कळत्या वयात भोगावी लागली नाही, त्यामुळे शांततेबद्दलची कृतज्ञताही त्याच्याकडे नव्हती. 'आर्स अमाटोरिया' या प्रेमकलेच्या पुस्तकात तो भावी विजययात्रेचं वर्णन करतो. शेजारी उभी असलेली मुलगी विचारेल, की चित्रांतले हे डोंगर कुठले, ही नदी कुठली, हे राजे कोण. तर सगळी उत्तरं दे, असा त्याचा सल्ला आहे. माहीत नसलं तरी माहीत असल्यासारखं सांग. साम्राज्याचा अख्खा देखावा त्याने मुलगी पटवण्याचं साधन करून टाकला. प्रॉपर्शियसच्या टोचणीत दुःख होतं, ओव्हिडच्या हसण्यात ते नाही. म्हाताऱ्या ऑगस्टसला ते अधिक झोंबलं असावं.

इ. स. 8 मध्ये त्याला काळ्या समुद्रावरच्या टोमिस इथे धाडलं. आजच्या रोमानियातलं कॉन्स्टान्टा. एक कविता आणि एक चूक, एवढीच कारणं तो सांगतो. चूक कोणती ते कधीच सांगत नाही. त्याची पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांत मिळेनाशी झाली. तिथून त्याने ऑगस्टसला एक लांबलचक पद्यपत्र लिहिलं. विनवणी म्हणून सुरू होणारं हे पत्र हळूहळू वाचनाचा धडा होतं: महाराज, तुम्हाला माझी कविता वाचायला वेळ कुठला, म्हणून गैरसमज झाला. आणि तुमच्या लाडक्या 'ईनिड'मधला लोक सगळ्यात जास्त वाचतात तो भाग कोणता? डिडोचा, लग्नाबाहेरच्या प्रेमाचा. वाचक काय उचलतात यावर सम्राटाचा ताबा नाही, हे त्याला त्याच्याच राष्ट्रीय काव्यावरून दाखवून दिलं. ऑगस्टस नमला नाही, त्याचा वारस टायबेरियसही नाही. ओव्हिड तिथेच मेला. 2017 च्या डिसेंबरमध्ये रोमच्या नगरपरिषदेने त्याची हद्दपारी रद्द केल्याचा ठराव केला.

त्यानंतर कवींनी नाही म्हणणं जवळजवळ सोडलं. पहिल्या शतकाच्या शेवटी डोमिशियन सम्राट झाला. स्वतःला 'स्वामी आणि देव' म्हणवून घेणं त्याला आवडे. चौकात त्याचा प्रचंड अश्वारूढ पुतळा उभा राहिला. स्टेशियसने त्यावर एक दीर्घ कविता केली, आणि त्याला लॅटिन येत होतं म्हणजे काय येत होतं ते त्यात दिसतं! पण शोधूनही मेलिबियस सापडत नाही. इ. स. 96 मध्ये डोमिशियनचा राजवाड्यातच खून झाला. सेनेटने त्याचं नाव दगडांवरून खरवडून काढायचा हुकूम दिला आणि तो पुतळाही गेला. तो कसा होता, हे आज आपण स्टेशियसच्या कवितेवरून सांगतो, पण ती वाचून डोमिशियन कुणाला आवडू लागल्याचं ऐकिवात नाही.

मार्शलनेही डोमिशियनवर भरभरून लिहिलं होतं. त्याच्या चुटक्यांचं दहावं पुस्तक इ. स. 95 च्या सुमाराला निघालं, म्हणजे सम्राट जिवंत असताना. खुनानंतर त्याने ते परत हाती घेतलं, काढायचं ते काढलं, नवं घातलं, आणि इ. स. 98 मध्ये ट्रेजनच्या कारकिर्दीत पुन्हा प्रसिद्ध केलं. त्यात एक कविता खुशामतीलाच उद्देशून आहे: आता माझ्याकडे येऊ नकोस, 'स्वामी आणि देव' असं मी आता कुणाला म्हणणार नाही. आज वाचायला मिळतं ते हे दुसरं दहावं पुस्तक. पहिलं उपलब्ध नाही.